पाठ नसलेल्या कोटाचा सूड

मित्रांनो, मी एक जुना कोट आहे. तुम्ही मला ओळखत नाही असं तुम्हाला वाटत असेल, पण घरातला एखादा पासपोर्ट काढून बघा. गल्फला गेलेल्या तुमच्या काकांच्या फोटोत जो निळा कोट दिसतो, तो काकांचा नाही. तो मी आहे. कर्जत आणि खालापूर तालुक्यातली निदान हजारभर माणसं माझ्यात हात घालून परदेशी गेली. मी मात्र भिसेगावातल्या ‘दर्शन फोटो स्टुडिओ’त खिळ्याला लटकून राहिलो.

आपली जीवनकहाणी सांगणारी वस्तू शेवटी सगळ्यांना माफ करते, असा एक समज आहे. मी करणार नाही. आधीच सांगून ठेवतो, नंतर तक्रार नको.

माझा जन्म १९९६ साली खालापूरला चांगो टेलरच्या दुकानात झाला. एका नवरदेवाचा सूट शिवून थोडं निळं कापड उरलं होतं. स्टुडिओचा मालक दत्ता तेव्हा नवा होता, त्याची मिशीही नवी होती. तो चांगोला म्हणाला, “चांगोदादा, उरल्या कापडात एक कोट बसवा की.”

“कोट नाय बसत रं. बंडी बसंल.”

“बाह्या पायजेत. फोटोत बाह्या दिसतात.”

“मग पाठ नाय बसत.”

दत्तानं विचार केला. “फोटोत पाठ दिसते का?”

“नाय दिसत.”

“मग पाठ नको.”

अशा रीतीनं मी पाठीशिवाय जन्मलो. मला छाती होती, कॉलर होती, दोन बाह्या होत्या, आणि मागं लेंग्याला असतात तशा चार नाड्या. कापड कमी म्हणून चांगोनं खांद्यात पॅडसुद्धा भरलं नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागेल. अस्तर मात्र त्यानं जीव लावून घातलं. घरात ठेवलेली पांढरी, मऊ मलमल त्यानं आतून लावली आणि डाव्या बाजूला एक आतला खिसा केला. थोडक्यात, पुढून मी साहेब होतो आणि मागून दवाखान्यातला पेशंट.

माझी कामाची वर्षं चांगली गेली. भाताची लावणी सोडून फोटोला आलेला माणूस गुडघ्यापर्यंत चिखलात असायचा. दत्ता त्याला स्टुलावर बसवायचा, माझ्या बाह्यांत हात घालायला लावायचा, मागून नाड्या करकचून बांधायचा आणि म्हणायचा, “हसू नका. फॉरेनला हसत नाहीत.” छातीच्या वर मॅनेजर, खाली चिखल. पळसदरीचे आबाजी मस्कतला आचारी म्हणून गेले. परत आल्यावर ते मुद्दाम स्टुडिओत आले आणि मला हात जोडून म्हणाले, “तिकडं साहेब माझा फोटो बघून उभा रायला रं दत्ता. मग माझ्याकडं बघून बसला.” माझं आयुष्यातलं सगळ्यात मोठं कौतुक ते हेच.

खरं सांगायचं तर फोटोत कोट पाहिजे असं कुठल्याही देशानं कधी म्हटलेलं नाही. फोटो केवढा हवा ते लिहिलेलं असतं, मागचा पडदा पांढरा हवा, चेहरा नीट दिसायला हवा. कोटाचं नाव कुठंच नाही. तो नियम फक्त दत्ताचा. पण दत्ताचं नियमांवर फार प्रेम. व्हिसा कसा काढायचा, कुठल्या रांगेत उभं राहायचं, विमानतळावर काय बोलायचं, हे सगळं तो गिऱ्हाइकांना समजावून सांगायचा. तो स्वतः नाशिकच्या पुढं गेला नव्हता.

मग एक दिवस दत्ताच्या मुलानं, स्वप्नीलनं, स्टुडिओत कंप्युटर आणला. त्या कंप्युटरमध्ये एक कोट होता.

मित्रांनो, मी त्याच्याबद्दल शांतपणे बोलायचा प्रयत्न करतो. त्याला घाम यायचा नाही, वास यायचा नाही. त्याला इस्त्री लागायची नाही. आणि पाठ? पाठ त्यालाही नव्हती. पण मला पाठ नव्हती म्हणून मी कंजूषपणाचा नमुना, आणि त्याला पाठ नव्हती तर तो डिजिटल. गिऱ्हाईक नुसतं डोकं घेऊन यायचं, स्वप्नील ते डोकं त्या कोटावर ठेवायचा. कोटाबरोबर एक गळाही यायचा. कुणा गोऱ्या, दाढी केलेल्या माणसाचा, मध्ये कंठ वर आलेला. त्या वर्षापासून सगळ्या तालुक्याचा गळा एकच झाला.

माझे अपमान सुरू झाले. आधी मी स्कूटरच्या सीटवर गेलो. मग छत गळायला लागलं तेव्हा त्याखाली. एकदा दत्तानं माझ्या बाहीनं प्रिंटरची शाई पुसली आणि म्हणाला, “निळीच हाय, दिसत नाय.” शेवटी त्यानं मला पोशीरला पाठवलं. तिथं त्याच्या मोठ्या बहिणीचं, गोदाबाईंचं, भाताचं शेत आहे. भात पिकायला आलं होतं, पाखरं फार होती. मला एका काठीवर चढवून शेताच्या मधोमध उभं केलं.

पाखरं मला घाबरली नाहीत. ती माझ्या खांद्यावर बसून भात खायची. माझ्यात बसून ज्यांनी समुद्र ओलांडला, त्यांच्याच भावकीची माणसं बांधावरून जाताना माझ्याकडं बघून हसायची. त्याच काठीवर मी ठरवलं, दत्ताचा सूड घ्यायचा.

गोदाबाईंबद्दल मात्र माझं काही म्हणणं नव्हतं. भात कापून झाल्यावर त्यांनी मला काठीवरून उतरवलं, साबण लावून धुतलं, वाळवलं आणि उलटंपालटं करून बघितलं. दत्ता त्या दिवशी वाल न्यायला आला होता.

“दत्त्या, आरं याला पाठच नाय की!”

“फोटोपुरता हाय तो ताय.”

“म्हणून काय झालं? मानसाला फोटोपुरता जन्म देतात का?”

त्यांनी आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याचा तुकडा काढला आणि हिरव्या दोऱ्यानं मला पाठ शिवून दिली. मला पाठ मिळाली तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. पहिल्यांदा वारा मागून आला आणि अडला. मग त्यांनी आतल्या खिशात हात घातला, तर बोट अस्तरात गेलं. खिशाला भोक होतं. त्यांनी सुई परत उचलली.

“खिशाचं राहू दे गं ताय,” दत्ता म्हणाला. “खिसा कुनाला दिसतोय? दोरा फुकट.”

गोदाबाईंनी सुई डबीत ठेवली.

मित्रांनो, कोटाला सूड घ्यायची साधनं फार नसतात. त्याच्याकडं चाकू नसतो, वकील नसतो. माझ्याकडं एक भोक होतं. पुढची तीन वर्षं मी ते सावकाश वाढवत राहिलो.

मग गोदाबाईंच्या मुलीचा फोन आला. रूपालीचा. रूपालीचा नवरा रूपेश बोगदे खोदायच्या मशीनवर काम करतो. हे काम तो आपल्या घाटात शिकला आणि आता भूतानला, कुठल्याशा डोंगरात, वीज प्रकल्पाच्या बोगद्यात आहे. रूपालीला दिवस गेले होते. डॉक्टरांनी प्रवास करू नको म्हणून सांगितलं होतं. रूपेश बारा बारा तास डोंगराच्या पोटात, क्वार्टरमध्ये ती एकटी, आणि शेजारीण बोलते ते तिला कळत नव्हतं.

“आये, तू येशील ना गं?” तिनं विचारलं. “माझं तुझ्याशिवाय नाय व्हायचं.”

“येतंय गं बाय. तू काय काळजी करू नको.”

गोदाबाई आयुष्यात कल्याणच्या पुढं गेल्या नव्हत्या. त्यांनी त्याच दिवशी डिंक विकत आणला, अळीव आणले, आणि जुनी धुवट लुगडी फाडून त्यांची दुपटी केली. आमच्याकडं नव्या बाळाच्या अंगाला नवं कापड लावत नाहीत. आधी जुनं, माणसाच्या अंगानं मऊ झालेलं. सोबत कोण जाणार, हा प्रश्नच नव्हता. भाऊ परदेशाचा जाणकार होता.

रूपेशनं फोनवर सगळं नीट सांगितलं. “आई, भूतानला आपल्याला व्हिसा लागत नाय. बॉर्डरवर परवाना काढायचा. त्याला मतदार कार्ड पायजे, नायतर पासपोर्ट. ओरिजिनल. झेरॉक्स नको, मोबाइलमधला फोटो नको. आणि आधार चालत नाय. मामांना सांगा, आधार चालत नाय.”

दत्तानं फोन ओढून घेतला. “रूपेश, तू मला शिकवतंस? तीस वर्षं मी लोकांना फॉरेनला पाठवतोय.”

“तसं नाय मामा, पण आधार...”

“ठेव आता. मशीनवर लक्ष दे.”

पासपोर्ट दोघांकडंही नव्हता. मतदार कार्डं होती. दत्तानं ती घेतली, आणि शिवाय आधार, पॅन, लायसन, रेशनकार्ड, दुकानाचा परवाना आणि रक्तगटाचं एक कार्डही घेतलं. मग स्वप्नीलला सांगून दोघांचे आठ आठ फोटो काढले, कंप्युटरच्या कोटासकट. गोदाबाई फोटो बघून म्हणाल्या, “दत्त्या, हा गळा कुनाचा?” दत्ता म्हणाला, “फॉरेनला असाच लागतो.”

निघायच्या दिवशी त्यानं मला गोदाबाईंच्या खुंटीवरून काढलं. “तिकडं थंडी असते. आणि बॉर्डरवर मानूस दिसला पायजे.” मला आता पाठ होती, त्यामुळं मी पूर्ण माणसाला चालणार होतो. दत्तानं मला लेंग्यावर घातलं. पुढून निळा, मागून हिरवा.

दोन दिवस रेल्वे, मग एक बस. जयगावला उतरलो. तिथं आपला देश संपतो आणि रंगीत नक्षीच्या फाटकापलीकडं दुसरा सुरू होतो. दत्तानं पिशवीतून दोन मतदार कार्डं काढली.

“ही खरी कामाची. पिशवीत नको, चोर असतात. आतल्या खिशात ठेवतो.”

“खिशाला भोक हाय ना रं?”

“बारीक हाय गं.”

बारीक नव्हतं. पण मी काही बोललो नाही.

फाटक दिसताच दत्तानं हात वर करून सलाम ठोकला, कुणाला ते त्यालाच माहीत. हात वर गेला, मी वर गेलो, आणि दोन्ही कार्डं भोकातून अलगद माझ्या अस्तरात उतरली. मला गुदगुल्या झाल्या. तीस वर्षांच्या घामानंतर मला पहिल्यांदाच कुणाचं तरी काहीतरी मिळालं होतं.

परवान्याच्या खिडकीशी एक शांत बाई बसल्या होत्या, त्यांच्या देशी पोशाखात. साडेचार वाजले होते. भिंतीवर पाटी होती: पाच वाजता खिडकी बंद, आणि पुढं तीन दिवस सणाची सुट्टी. रूपेशनं पाठवलेलं बोलावण्याचं पत्र दत्तानं दिलं आणि त्यावर फोटो ठेवले. बाईंनी गोदाबाईंचा फोटो बघितला, मग गोदाबाईंकडं बघितलं.

“माताजी, ये फोटो आपका है?”

“चेहरा मेरा है,” गोदाबाई म्हणाल्या. “बाकीका दत्त्याने लगाया.”

बाईंनी दत्ताचा फोटो त्याच्या शेजारी ठेवला. बराच वेळ बघितलं. “गला दोनों का एक है.”

“भाई-बहन है मॅडम,” दत्ता म्हणाला.

बाईंनी दोन्ही फोटो उचलून टेबलाखालच्या टोपलीत टाकले. “फोटो हम यहीं लेते हैं. इधर देखिए.” तिथं एक छोटा कॅमेरा होता. टिक, टिक. संपलं. कंप्युटरचा कोट दीड हजार मैल येऊन कचऱ्याच्या टोपलीत पडला. हा माझा पहिला सूड. यात मी काहीच केलं नव्हतं, पण श्रेय मी घेतो.

“अब वोटर कार्ड दीजिए.”

दत्तानं रुबाबात आतल्या खिशात हात घातला. हात आत गेला, आणखी आत गेला, आणि कोपरापर्यंत गेला. त्याच्या तोंडावरचा रुबाब मी आतून उतरताना पाहिला. आतून पाहायला फार छान दिसतं.

पुढची दहा मिनिटं मी कधीही विसरणार नाही. दत्तानं पिशवी उपडी केली. आधार पुढं केलं. “ये नहीं चलेगा.” “मॅडम, इसमें अंगठा भी है.” “नहीं चलेगा.” पॅन, लायसन, रेशनकार्ड, दुकानाचा परवाना. बाई दर वेळी मान हलवत होत्या, न चिडता. शेवटी दत्तानं रक्तगटाचं कार्ड ठेवलं. बाईंनी ते वाचलं. “बी पॉझिटिव. बहुत अच्छा. वोटर कार्ड दीजिए.”

“आधार चालत नाय म्हनून रूपेश सांगत व्हता ना रं,” गोदाबाई हळूच म्हणाल्या.

“गप गं ताय. तू मला फॉरेनचं शिकवू नको.”

मी मनातल्या मनात शिट्टी वाजवत होतो. दत्ताला सीमेवर उभं करायचं, सगळी माणसं पुढं जाताना बघायला लावायचं, जसं मी खिळ्यावरून बघितलं तसं. इतकंच मला हवं होतं.

तेवढ्यात गोदाबाईंचा फोन वाजला.

“आये, कुठं हायस?” रूपालीचा आवाज लांबून येत होता. “सकाळपासनं कळा येतायत गं. रूपेश बोगद्यात हाय, फोन लागत नाय. शेजारीन गाडी बघतंय. आये, तू आलीस का?”

“दारात हाय गं बाय. दारातच हाय. घाबरू नको.”

फोन बंद झाला. गोदाबाई जमिनीवर बसल्या. रडल्या नाहीत. नुसत्या बसल्या, आणि त्यांचे हात मांडीवर असे पडले जसे कुणीतरी काढून ठेवलेत. घड्याळात पावणेपाच झाले होते. पुढं तीन दिवस खिडकी बंद.

मित्रांनो, माझ्या पोटात दोन कार्डं होती. सूड घेताना मी नीट मोजमाप केलं नव्हतं. एकाचा गळा धरायला गेलो आणि दोघांचा धरला. कंप्युटरचा कोटही हेच करतो.

“काढ तो कोट,” गोदाबाई म्हणाल्या.

दत्तानं मला काढलं, उलटं धरलं आणि झटकायला लागला. जोरात, जसं गोणपाट झटकतात. दत्ताचं कार्ड अस्तरातून घसरत खांद्यात जाऊन बसलं. गोदाबाईंचं पाठीच्या शिवणीपाशी येऊन अडकलं. तिथं हिरव्या दोऱ्याचे टाके होते, त्यांनी घातलेले, माझ्या आयुष्यातले पहिले प्रेमाचे टाके. ते सोडल्याशिवाय कार्ड बाहेर येणार नव्हतं.

मी एक टाका सोडला. मग दुसरा. फार दुखलं.

टक्. कार्ड फरशीवर पडलं. गोदाबाईंनी झडप घालून उचललं. “माझं! दत्त्या, माझं हाय! अस्तरात व्हतं!”

“मग माझं पन तिथंच असनार!” दत्तानं मला चाचपायला सुरुवात केली. छाती, पोट, बाह्या. गोदाबाईंचा हात माझ्या खांद्यावर आला.

“इथं कडक लागतंय रं.”

दत्तानं बोटानं दाबून बघितलं आणि मान हलवली. “ते पॅड हाय ताय. कोटाला खांद्यात पॅड असतंच. फोटोवाल्याला नको शिकवू.”

मी आधीच सांगितलं होतं, मला पॅड नाही. ते फक्त चांगोला आणि मला ठाऊक होतं.

पाच वाजायला पाच मिनिटं होती. बाईंनी गोदाबाईंचा परवाना छापला. “माताजी, आप आइए. साहब, आप नहीं.” मी अंगात नसताना दत्ताला आयुष्यात कुणी साहेब म्हटल्याचं मला आठवत नाही, आणि जेव्हा म्हटलं तेव्हा ते असं.

पलीकडं रूपेशनं आधीच सांगून ठेवलेली कंपनीची गाडी उभी होती. सामान उचलायला वेळ नव्हता. दत्तानं मला बहिणीच्या खांद्यावर टाकलं. “घे, घाल. वर थंडी हाय. मी येतो मागनं. तू घाबरू नको गं ताय.”

“मी कशाला घाबरू? तू घाबर. तुझी पिशवी कुठं ठेवलीस बघ.”

गाडी सुटली. मागं वळून बघायला मला आता पाठ होती, त्यामुळं फारसं दिसलं नाही. पण एवढं दिसलं की दत्ता लेंगा आणि बनियनवर फाटकाशी उभा आहे, त्याच्या पायाशी डिंकलाडूंचा डबा आणि दुपट्यांचं गाठोडं आहे, आणि त्याचं मतदार कार्ड माझ्या खांद्यात बसून त्याच्या आधी परदेशी चाललं आहे. हा माझा दुसरा सूड. हा मी पूर्ण शुद्धीत घेतला.

गोदाबाई वेळेवर पोचल्या. रूपालीनं आईचा हात जो धरला, तो दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी झाली तेव्हाच सोडला. मी दवाखान्याच्या खुर्चीवर होतो. परदेशी पोचलेला मी पहिलाच स्टुडिओचा कोट, असं नाही. माझ्यासारखे फोटोतून बरेच गेले. पण अंगानं मी एकटाच.

“कापड द्या,” दवाखान्यातल्या बाईंनी खुणेनं सांगितलं.

गोदाबाईंनी हात पुढं केला आणि तो तसाच राहिला. दुपटी सीमेवर होती. दत्ताच्या पायाशी. रूपालीनं बाळासाठी जमवलेलं सगळं नवं, कडक, लेबल लावलेलं. बाळ रडत होतं. गोदाबाईंनी खोलीभर नजर फिरवली. मग त्यांची नजर माझ्यावर आली, आणि माझ्या आतल्या पांढऱ्या मलमलीवर. तीस वर्षं हजार माणसांच्या अंगाला लागून ती लोण्यासारखी झाली होती.

“हजार मानसांनी वापरलंय,” त्या म्हणाल्या. “याच्याएवढं जुनं कुठं मिळनार?”

त्यांनी कात्री मागून घेतली. मित्रांनो, मी तेव्हा काय वाटलं ते सांगणार नाही. दुपटी इथं नव्हती ती माझ्यामुळं. एवढंच म्हणतो की मी आवाज केला नाही. कर्र करून अस्तर सुटलं, डावीकडून उजवीकडं, आणि खांद्यापाशी आल्यावर त्यातून एक कार्ड टपकन खाटेवर पडलं.

गोदाबाईंनी ते उचललं. बघितलं. माझा खांदा चाचपला. मऊ होता. मग त्या हसायला लागल्या, इतक्या की डोळ्यांतून पाणी आलं आणि रूपाली खाटेवरून म्हणाली, “आये, टाके दुखतात, हसवू नको.” मलमल पाण्यातून काढून, शेगडीवर वाळवून बाळाला गुंडाळली. मग त्यांनी भावाला फोन लावला.

“दत्त्या, आजोबा झालास. मुलगी हाय. आणि पॅड सापडलं रं तुझं.”

पलीकडं डिंकलाडूंच्या डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

सण संपल्यावर रूपेश कार्ड घेऊन खाली सीमेवर गेला आणि मामांना घेऊन आला. दत्ता दारात उभा राहिला तेव्हा त्याचे डोळे खोल गेले होते आणि डिंकलाडूंचा डबा अर्धा झाला होता. “तिथं येक फोटो स्टुडिओ व्हता,” त्यानं सांगितलं. “वेळ जात नव्हता म्हनून गेलो. ताय, त्याच्या कंप्युटरात पन तोच कोट गं. तोच गळा. मला म्हनतो कसा, फॉरेन जा रहे हो, कोट लगा दूँ?”

दत्ता माझ्याकडं बघत होता. मी दाराच्या खुंटीवर होतो, अस्तर गेलेला.

“ताय, त्या दिवशी तू खिसा शिवला असतास तं...”

“शिवत व्हते. दोरा फुकट म्हनालास.”

गोदाबाईंनी बाळ त्याच्या मांडीवर ठेवलं. बाळानं आईच्या मामाकडं, म्हणजे आपल्या आजोबाकडं, शांतपणे बघितलं आणि माझ्या मलमलीतून त्याचा लेंगा भिजवला. तो सूड माझा नव्हता. पण मी तो माझ्याच नावावर धरतो.

बाळाला भारतात आणायचं तर त्याचा कागद लागणार होता आणि कागदावर फोटो. फोटो काढणारा घरातच होता. “मागं पांढरं पायजे,” दत्ता म्हणाला. गोदाबाईंनी धुतलेली मलमल चटईवर पसरली आणि बाळाला त्यावर ठेवलं. दत्तानं मोबाइल वरून धरला आणि बाळानं डोळे उघडायची वाट बघत गुडघ्यावर तास घालवला. फोटो स्वप्नीलला पाठवला. लगेच स्वप्नीलचा फोन आला, “पप्पा, भारी हाय. कोट लावून देऊ?”

“नको,” दत्ता म्हणाला.

हे ऐकून मला जरा वाईट वाटलं. सूड चालू असताना माणसानं असं सुधारू नये.

आता मी पोशीरला गोदाबाईंच्या घरी असतो. सकाळी दूध आणायला त्या मला घालून जातात. पाठीचे सुटलेले दोन टाके त्यांनी परत घातले आहेत. त्या फोटोत बाळाच्या कानाशी, पांढऱ्यावर, हिरव्या दोऱ्याचा एक तुकडा दिसतो. कुठल्याही अधिकाऱ्याला तो दिसला नाही. तुम्हाला दिसला तर समजा, तो मी आहे.

तर मित्रांनो, माझी विनंती साधी आहे. शेजारच्या देशात जाताना ते लोक जे कार्ड मागतात तेच न्या, आपल्याला जे आवडतं ते नको. जुन्या कपड्यांना स्कूटर पुसायला लावू नका. आणि खिशाला भोक दिसलं तर त्याच दिवशी शिवा.

दत्ता दर महिन्याला बहिणीकडं येतो. सदरा अडकवण्याआधी प्रत्येक खिशात बोट घालून बघतो, मग माझ्याकडं बघतो, मग सदरा दुसऱ्या खुंटीवर लावतो. त्याला वाटतं, अस्तर गेलं, आता हा काय करणार. बरोबर आहे. छातीचं गेलं, पाठीला नव्हतंच. पण गोदाबाईंनी बाह्यांचं अस्तर अजून काढलेलं नाही.